दुसऱ्या चौकोनावरची फुली

मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ मार्च २०२५

वर्षा,

वरचा मायना तुझा तूच घालून घे, मला काय ते जमत न्हाय. तुझी अट म्हणून वहीचं पान फाडून लिहितोय आणि फोटो काढून पाठवतोय. फोनवर मी नुसतं ‘हं, हं’ करतो, पत्रात तरी चार ओळी बोलशील, असं म्हणालीस. एम.ए. मराठी झालेली बायको केल्यावर हे भोगायचंच.

तर पोचलो. आबांचं ऑपरेशन काल झालं, खुब्यात नवीन गोळा बसवलाय. तालमीच्या पायरीवरनं घसरून पडले, तरी डॉक्टरला सांगत्यात, “कुस्तीत कुणी पाडलं न्हाय, पायरीनं पाडलं.” शुद्धीवर आल्यावर मला बघून पहिलं वाक्य काय असंल? “आलास न्हवं, आता ऱ्हा.” शिरोलीत कुठल्या फाउंड्रीत लेथवर माणूस पायजे म्हणून कालपास्नं तीनदा सांगून झालं. मी म्हटलं, आबा, वीस तारखेचं परतीचं तिकीट हाय. पोरगं व्हायच्या आत मला वर्षाजवळ पोचायचंय. आबांनी भिंतीकडं तोंड केलं.

तुझ्या पायाची सूज कशी हाय? दाबून बघ, खड्डा पडतोय का. मीठ कमी खा. हे मी सांगत न्हाय, आई सांगतीया.

आणि विमानतळाचं तू उगंच डोक्यात घेतलंतंस. ‘परत यायच्या परवान्याचा कागद भरा, विसरू नका’ म्हणून बॅगेवर चिठ्ठी चिकटवलीस! न्हाय विसरलो. कागद म्हंजे काय, दोन चौकोन. पहिल्यापुढं लिहिलेलं, ‘तात्पुरता जातोय, परत येणार.’ दुसऱ्यापुढं, ‘परत येणार नाही.’ असलं अभद्र वाक्य आपल्या कागदावर कोण ठेवतंय व्हय? मी दुसऱ्यावर ह्या कोपऱ्यापास्नं त्या कोपऱ्यापर्यंत अशी ठळक फुली हाणली की बास. खिडकीतल्या बाईनं फुलीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, “हाय!” तिनं परत विचारलं. मी परत, “हाय, हाय!” तुला सांगतो, जपान्यांचं आणि आपलं काहीतरी जुनं नातं असणार. ते पण हाय म्हणत्यात, आपण पण हाय म्हणतोय. बाई वाकली, मी वाकलो. तिनं माझं तिथं ऱ्हायचं कार्ड मशिनीत घातलं, कट्‌कन एक भोक पाडलं आणि दोन्ही हातानं परत दिलं. काय ती रीत!

भोक कशाला ते मला कळंना, पण आईला लगीच कळलं. म्हणाली, “दोरा ओवायला असंल की रं, खुळ्या.” तिनं काळा दोरा ओवून कार्ड देव्हाऱ्यात टांगलंय, हरवायला नको म्हणून. रोज सकाळी देवाबरोबर त्यालाबी कुंकू लागतंय.

तुझा,
विश्वजित


हामामात्सु, जपान
६ मार्च

अहो,

तुमचं पत्र काल दुपारी वाचलं. पहिली अर्धी बाजू वाचून एवढी हसले की बाळानं आतून लाथ मारली. आबांना म्हणावं, त्या पायरीशी पुढच्या वर्षी पुन्हा लढत लावू. सूज आहे तेवढीच आहे. डॉक्टर रक्तदाब बघून तोंड वाकडं करतात आणि घरी झोपून राहा म्हणतात.

मग मी भोकापाशी आले.

अहो, कसलं भोक? मी उठून माझं कार्ड काढलं. उजेडात धरून बघितलं. त्याला भोक नाही. दोरा ओवायला कुणी सरकारी कार्डाला भोक पाडतं का?

रात्रभर तुम्हाला विचारायचं टाळलं. वाटलं, मीच काहीतरी चुकीचं वाचतेय. आज सकाळी तुमच्या कंपनीच्या ऑफिसात गेले, त्या इंग्रजी बोलणाऱ्या निशिओका बाईंकडे. तुमच्या पत्रातलं सगळं त्यांना सांगितलं, चौकोन, फुली, मशीन. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

इथं फुली म्हणजे खोडणं नव्हे हो. चौकोनात काहीही खूण केली की ते तुमचं उत्तर. तुम्ही ‘परत येणार नाही’ असं उत्तर दिलंत. त्या बाईला शंका आली, म्हणून तिनं दोनदा विचारलं. निशिओका बाई म्हणतात, ती विचारत असणार, “तुम्ही परत येणार नाही ना?” आणि इथं अशा प्रश्नाला ‘हाय’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘बरोबर, नाही येणार’ असा होतो. आपलं ‘हाय’ म्हणजे आहे. त्यांचं ‘हाय’ म्हणजे ‘तुम्ही म्हणता ते बरोबर’. आणि तुम्ही ते तीनदा म्हणालात.

भोक पाडलं म्हणजे कार्ड रद्द. इथं राहायचा तुमचा परवाना संपला.

देव्हाऱ्यातलं कार्ड काढा आणि शाहूपुरीत कुठल्या तरी व्हिसाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. निशिओका बाईंना चुकीचं माहीत असेल. मला कळवा की वर्षा, तू खुळी आहेस, तसं काही नाही.

वाट बघते.
वर्षा


कोल्हापूर
७ मार्च

वर्षा,

तू खुळी न्हाईस. मीच हाय.

शाहूपुरीत गेलतो. ऑफिसातल्या माणसानं कार्ड हातात घेतलं, भोकातनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “पावणं, हे आता कार्ड ऱ्हायलं न्हाय. आठवण म्हणून ठेवा.” वर विचारतोय, कुंकू कशाचं म्हणून.

मग जरा माणसासारखं बोलला. कंपनीनं तिथनं नव्यानं अर्ज करायचा. तिथल्या सरकारनं दाखला द्यायचा. तो इथं यायचा. मग मुंबईला जाऊन नवा व्हिसा मागायचा. पहिल्यांदा गेलतो तवाचं सगळं पहिल्यापास्नं. मी विचारलं, एप्रिलच्या मध्यापर्यंत होईल का, बायको बाळंत व्हायचीया. तो म्हणाला, “बाळाच्या बारशाला जमलं तरी देव पावला म्हणा.”

मला सांग वर्षा, आपल्याला काय शिकवलंय? शाळेच्या फॉर्मपास्नं दूध सोसायटीच्या कागदापर्यंत एकच, ‘लागू नसेल ते खोडा.’ श्री का श्रीमती, खोडा. विवाहित का अविवाहित, खोडा. माझा हात आपोआप खोडायलाच जातोय. पहिला चौकोन मी कोरा ठेवला, कारण तो खराच हाय, खऱ्याला कशाला हात लावायचा? तिथं जाऊन दोन वर्षं झाली, मशिनीची बटणं सगळी पाठ केली, आणि चौकोनाचं एवढंसं कुणी सांगितलं न्हाय. न्हाय, मीच विचारलं न्हाय.

दुसरं कायतरी करता येतंय का बघतोय. तू विमानानं इकडं यायचं बघ. डॉक्टरला विचार.

आई-आबांना सांगितलं न्हाय. कार्ड परत देव्हाऱ्यात टांगलंय. आई अजून कुंकू लावतीया, आणि मी गप बघत बसतोय.

विश्वजित


हामामात्सु
१५ मार्च

अहो,

डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. एवढ्या रक्तदाबात, एवढ्या दिवसांच्या पोटात विमानात बसायचं नाही. माझ्या आईचं तर तुम्हाला माहीतच आहे. कोडोलीच्या बाहेर तिचं जाणं म्हणजे जोतिबा. तिचा पासपोर्ट कुठला असायला?

कंपनीनं नव्यानं अर्ज भरला. तुमच्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग निशिओका बाईंना हळू आवाजात विचारलं. बाईंनी मला सांगायचं टाळलं, पण मी धरूनच बसले. साहेब विचारत होते, ‘हा मुलगा मापात कधी चुकत नाही. मग त्यानं हे मुद्दाम तर नाही ना केलं?’

मी रागानं म्हणणार होते, असं कसं बोलता. आणि म्हणता आलं नाही.

आता लिहितेच. डिसेंबरात, ते गार वारं सुटलं होतं तेव्हा, सायकल लावून तुम्ही घरात आलात आणि म्हणालात, “एकदा आबांकडं गेलो ना, की परत येऊ वाटणार न्हाय बघ.” मी हसले होते. मग आबा पडले. मग शिरोलीची नोकरी. तुमच्या घरात सगळ्यांच्या मनात जे आहे, तेच त्या कागदावर तुमच्या हातानं झालं. फुली मारली ती बरोब्बर त्याच चौकोनात.

रागावू नका. मी इथं एकटी आहे. दिवसभर भिंतीशी बोलते, आणि भिंत हे प्रश्न विचारते. हात चुकला, की मन बोललं?

वर्षा


कोल्हापूर
१६ मार्च

वर्षा,

हात चुकला.

डिसेंबरात मी ते म्हटलं, नाकारत न्हाय. बोटं गारठलेली, साहेबानं झापलेलं, तांबडा रस्सा आठवलेला. माणूस घरात येऊन बायकोजवळ बडबडतो, ती काय कोर्टात साक्ष असती व्हय? मला तिथं करमत न्हाय, हेबी खरं हाय. पण तू जिथं हाईस तिथं परत जायचं न्हाय असं माझ्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात येणार न्हाय.

साहेब म्हणतोय तर म्हणू दे. तो परका हाय. तू? कोडोलीस्नं तुला आणताना तुझ्या आईला मी काय म्हटलंतं ते आठवतंय का? म्हटलंतं, हिला एकटी पडू देणार न्हाय. आता तू एकटी पडलीस, ते माझ्या हातानं. हे मला कळतंय. वरनं आणि तूच असलं विचारलंस तर मी कुणाकडं बघू?

भांडायचं तर भांड. पण उत्तर दे.

विश्वजित


कोल्हापूर
१ एप्रिल

वर्षा,

तुझं उत्तर न्हाय. फोन उचलत न्हाईस. निशिओका बाईंना मोडक्या इंग्रजीत मेसेज केला, त्यांनी लिहिलं, ‘ती ठीक आहे, विश्रांती घेते.’ म्हंजे माझ्यापासनंच विश्रांती. घे बाई. मी लिहीत ऱ्हातो.

वीस तारखेचं सांगतो. सांगणार न्हवतो, पण कुणाला तरी सांगाय पायजे.

तिकीट हातात होतं. जाता यायचं न्हाय हे ठाऊक होतं. तरी बॅग भरली, आईनं तुझ्यासाठी डिंकाचे लाडू दिले, ते घेतले. आबांच्या पाया पडलो, ‘येतो’ म्हटलं. रातराणीनं मुंबई गाठली. मला वाटलं, काउंटरवरचा पोरगा घाईत असंल. एवढंसं तर भोक हाय. त्याला कार्ड दाखवलं, आणि धरताना असं धरलं की माझा अंगठा बरोबर भोकावर येईल.

तो म्हणाला, “सर, अंगठा काढा.”

मी काढला न्हाय. तो परत म्हणाला, अगदी आदरानं, “सर, प्लीज, अंगठा.” माझ्या मागं रांग. एका बाईच्या कडेवर पोरगं माझ्याकडं बघून हसत होतं. मी अंगठा काढला. त्यानं कार्ड वर धरलं, भोकातनं दिवा दिसला. तो काय वाईट बोलला न्हाय. “सॉरी सर” म्हणाला. मी बॅग घेऊन बाजूला झालो आणि तिथंच एका बाकड्यावर बसून लाडवाचा डबा मांडीवर धरला. विमान गेलं असंल तवापर्यंत बसलो. कुठलं ते काय कळलं न्हाय, सगळीच जात होती.

परत आल्यावर घरात सांगावंच लागलं. आईनं देव्हाऱ्यापुढं बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. म्हणाली, “मी मेलीनं कशाची पूजा केली!” देव्हाऱ्यात लोंबणारा रिकामा दोरा तोडला. कार्ड पुसलं, पदरानं, परत परत, पुसून भोक जाईल असं.

पाडव्यादिवशी आबा वॉकर धरून पहिल्यांदा दारापर्यंत आले, गुढीकडं बघितलं आणि म्हणाले, “मी ‘ऱ्हा’ म्हटलं तर देवानं लगीच ऐकलं. आता ‘जा’ म्हणतोय तर ऐकंना.” आणि रडले गं. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

एवढंच. पायाची सूज तरी कळव.

विश्वजित


हामामात्सु
५ एप्रिल

अहो,

अंगठ्याचं वाचलं. स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि तिथंच खाली बसले. पोटामुळं उठता येईना, मग तशीच बसून दुसऱ्यांदा वाचलं.

ज्याला परत यायचं नसतं, तो भोकावर अंगठा ठेवत नाही. एवढं मला कळायला तुम्हाला रांगेत उभं राहून लाज सोसावी लागली. चुकले मी. साहेबांना पण सांगितलं, निशिओका बाईंकडून, शब्द न् शब्द. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मग म्हणाले, अर्जाबरोबर मी स्वतः पत्र जोडतो. पण अर्ज काही पुढं सरकत नाही. विचारलं की ‘तपासणी चालू आहे’. कुणी रागावत नाही, कुणी हाकलत नाही, सगळे वाकून नमस्कार करतात. भांडायला कुणी सापडेल तर शपथ. आपल्याकडं निदान कुणाच्या टेबलावर हात तरी आपटता येतो.

माझं इथं राहायचं कार्ड तुमच्या परवान्याच्या आधारावर आहे. त्याचं पुढं काय, ते पण कुणी नीट सांगत नाही. बाई म्हणतात, बाळंतपण होऊ दे, तोवर कुणी काही विचारणार नाही.

रक्तदाब वाढलाय. डॉक्टर आता बाळंतपणाच्या अठरा तारखेची वाट बघायची नाही म्हणतात, त्याआधीच कधीही दाखल करून घेतील. काल दवाखान्याची खोली दाखवली. स्वच्छ आहे, इतकी की बोलायची भीती वाटते. पलंगाशेजारी एक खुर्ची असते, बाळाच्या बाबांसाठी. तिच्या पाठीवर नावाची चिठ्ठी लावतात. नर्सनं नाव विचारलं. मी ‘विश्वजित’ सांगितलं. तिला म्हणता येईना, तिनं तीनदा विचारलं, आणि मला तुमचं नाव तीनदा घ्यायला मिळालं. उखाण्याशिवाय.

आबांना सांगा, सूनबाई रागावलेली नाही. आईंना सांगा, कुंकू कुठं वाया जात नसतं.

तुमची,
वर्षा


कोल्हापूर
१० एप्रिल

वर्षा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. खुर्चीपर्यंत वाचलं आणि फोन तिच्या हातात दिला, मग तिनंच चष्मा लावून पुढचं वाचलं. उखाण्याचं वाचून हसली आणि डोळं पुसलं.

काल परत शाहूपुरीत गेलतो. म्हटलं, मोठा व्हिसा ऱ्हाऊ दे, चार दिवस बघायला जायचा छोटा तरी द्या. तो म्हणाला, “पावणं, मोठा अर्ज आत हाय तवर छोटा टाकला तर दोन्ही लटकत्यात. आणि कार्डाची भानगड विचारली तर सांगणार काय? फुली मारली म्हणून?” मी म्हटलं, व्हय, तेच सांगणार, खरंच हाय ते. तो म्हणाला, “खरं हाय म्हणून तर कुणाला पटणार न्हाय.”

मग घरी आलो आणि कोऱ्या पानावर चौकोन काढत बसलो. पहिल्यात बरोबरची खूण. पहिल्यात बरोबरची खूण. पान भरलं. आबा वॉकर टेकत आले, बघितलं, म्हणाले, “आता काय उपेग?” म्हटलं, काय न्हाय, हात वळणावर आणतोय.

तिथं पोचता येत न्हाय, तर एक काम सांगतो. ती खुर्ची काढू देऊ नको. मी बसलोय न बसलोय, नाव असू दे तिच्यावर. कळ आली की तिच्याकडं बघ. मी इकडं आईच्या देव्हाऱ्यापुढं बसलेला असणार, तिथनंच बसलोय असं समज. लई सोपं काम हाय वर्षा, कुणाला उचलू द्यायची न्हाय. एवढंच मागतोय.

विश्वजित


हामामात्सु
१७ एप्रिल

अहो,

मुलगी झाली. सुखरूप आहे. मीही आहे. कळवलेलं तुम्हाला निशिओका बाईंनी, पण मला माझ्या हातानं लिहायचं होतं. पडून लिहितेय, अक्षराला हसू नका. कपाळ तुमचं आहे आणि आवाज आबांचा. सगळ्या खोल्यांना कळलं की कोल्हापूरचं माणूस आलंय.

परवा दुपारनंतर अचानक दाखल केलं. खुर्ची होती. चिठ्ठीही होती, तुमचं नाव त्यांच्या अक्षरात, वाचता येत नव्हतं तरी मी ओळखलं. तुम्ही सांगितलं तसं प्रत्येक कळेला तिच्याकडं बघितलं. बराच वेळ ते जमलं.

मग नवी नर्स आली, कामाची पाळी बदलली असणार. खूप चांगली होती. माझा घाम पुसला. खोली लहान, माणसं वाढणार होती, मशीन आत आणायचं होतं. तिनं खुर्चीवर हात ठेवला आणि मला विचारलं. एवढं आता मला कळतं हो. ती विचारत होती, “बाळाचे बाबा नाहीत ना येणार?”

मला खूप सांगायचं होतं. की त्यांना यायचं आहे, की ते अडकलेत, की ते बसलेत तिथंच. इथल्या भाषेत मी शब्द शोधत होते आणि तेवढ्यात कळ आली, आणि तोंडातून तुमचाच शब्द बाहेर पडला.

“हाय.”

मी कोल्हापुरी बोलले. बाबा हाय. तिला अजून खात्री नव्हती, तिनं वाकून पुन्हा विचारलं, आणि मी सगळा जीव एकवटून ओरडले, “हाय, हाय!”

तिनं माझा हात थोपटला. चिठ्ठी हळूच सोडवून माझ्या उशाशी ठेवली. आणि खुर्ची उचलून बाहेर नेली.

तुमची,
वर्षा